पहिला घाव

जपून या, काठावर शेवाळ आहे. हीच ती चांदओहळची विहीर. वर येताना देवळात बाभळीचा मोठा क्रूस तुम्ही पाहिला असेल. त्याच्या बुडाला लोखंडी पट्टी ठोकलेली आहे आणि ती झिजून पातळ झाली आहे. क्रूस तर भिंतीपाशी उभा असतो, मग बूड कशाने झिजले, असे पाहुणे विचारतात. त्याचे कारण ही विहीर.

माझ्या पणजोबांच्या काळात ही वस्ती नवी होती. वीसेक ख्रिस्ती घरे, एक मातीचे देऊळ, आणि पाण्याला वरच्या गावाचा आड. त्या वेळी लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. आड आटला. बायका दोन कोसांवर नदीच्या वाळूत झिरे उकरीत आणि वाटीवाटीने हंडा भरीत. गुरे गेली. मग दोन तान्ही मुलेही गेली, आणि वस्ती मोडून निघायची भाषा सुरू झाली.

अशात एक पाणाड्या आला, म्हणे. उंबराची दुबेळकी फांदी घेऊन तो सारा माळ फिरला आणि या जागी थांबला. "पाणी आहे," तो म्हणाला. "पण पहिला घाव निष्पाप हाताचा पडू द्या. पापी हात लागला तर झरा पाठ फिरवील." भाकरी खाऊन तो निघून गेला. त्याचे बोलणे मात्र वस्तीत राहिले.

निष्पाप कोण, हे लोकांना शोधावे लागले नाही. लाजरस पाटोळे वस्तीचे वडीलधारे. दारूला शिवलेले नाहीत, तोंडात शिवी नाही, एक उपासना चुकलेली नाही. पाळक सुमंत साळवे यांनी समजावून पाहिले. "असा माणूस शोधत बसलात तर तहानेने मराल," ते म्हणाले. पण कोणी ऐकले नाही. झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर लोकांनी लाजरसबाबांना वाजतगाजत इथे आणले.

बाबांनी कुदळ उचलली. ती डोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी ती हळूच जमिनीवर ठेवली.

"माझ्याने व्हायचं नाही," ते म्हणाले. "राहेलने कळशी चोरली नव्हती."

राहेल गोर्डे ही वस्तीतली विधवा. बारा वर्षांपूर्वी वरच्या गावातल्या कुणाची तांब्याची कळशी आडावरून नाहीशी झाली होती. राहेलला ती नेताना मी पाहिले, अशी साक्ष लाजरसबाबांनी दिली होती. बाबांचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार? तेव्हापासून राहेलच्या हातचे पाणी कोणी प्यायले नाही. देवळातही ती दाराशी बसे.

"कळशी माझ्या थोरल्याने नेली होती," बाबा म्हणाले. "त्याला वाचवायला मी हिचं नाव घेतलं. पुढे तो पटकीने गेला. तरी मी गप्प राहिलो. मान जाईल याची भीती वाटली."

बाबा नाहीत तर मग कोण? लोक एकमेकांकडे पाहू लागले, आणि ज्याच्याकडे पाहावे तो मान खाली घाली.

तेव्हा राहेल मागून पुढे आली. ती शाप देईल असेच सगळ्यांना वाटले. पण बाबांकडे पाहून ती जे बोलली, ते शब्द आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ आहेत.

"बारा वर्षं मी देवाला विचारत होते, तूही यांच्यासारखाच माझ्यावर रुसलास का. मग हळूहळू उमगलं. ज्याच्यात पाप नाही, त्याच्यात आकसही नाही. तो खोटी साक्ष देत नाही. सूड म्हणून कुणाच्या तोंडचं पाणी काढत नाही. निष्पाप हात पाहिजे ना? मग क्रूसावर गेला त्यालाच आणा. आपल्यात तो एकच आहे."

पाळक म्हणाले, "लाकडात काही नाही, हे ध्यानात ठेवा. पण बाई खरं बोलली."

देवळातून क्रूस आणला. आठजणांनी तो उभा धरला. राहेल म्हणाली, "बाबा, तुम्ही पुढून धरा."

"माझा हात कसा चालेल?"

"इथं सगळ्यांचेच हात तसे आहेत. म्हणून तर पहिला घाव त्याचा."

बाबांनी क्रूस धरला. सर्वांनी मिळून तो उचलला आणि बूड मुरमात आपटले. त्या खोबणीतच मग पहिली कुदळ पडली. बायका, पुरुष, स्वतः पाळक, सगळे आठवडाभर खणत होते. अठरा हातांवर काळा खडक लागला. शनिवारी पाणाड्याला शिव्या देणारेही निघाले. पण पुनरुत्थानाच्या रविवारी, दिवस उगवता उगवता, खाली उतरलेल्या लाजरसबाबांची पहार खडकाच्या चिरेत गेली आणि त्यांच्या हातून निसटली. पाणी घोट्याला लागले, मग गुडघ्याला, मग कमरेला. दोर टाकून त्यांना वर ओढले तेव्हा ते नखशिखांत भिजले होते आणि गात होते, असे सांगतात. पहिला हंडा राहेलने शेंदला. बाबांनी तिच्यापुढे ओंजळ धरली आणि सगळ्यांदेखत पाणी प्याले. त्यांच्यामागे अख्खी वस्ती रांगेत उभी राहिली. दुपारपर्यंत वरचे गावही घागरी घेऊन उतरले. कोणाला परत पाठवले नाही.

आजही पंचक्रोशीत कुठे विहीर घ्यायची झाली की आधी आमचा क्रूस न्यावा लागतो. धरणारा प्रत्येकजण आपली एक चूक मोठ्याने सांगतो, मगच हात लावतो; आणि सुरुवात पाळकांनी करायची असते. गेल्या उन्हाळ्यात वरच्या गावाने शाळेसाठी बोअर घेतली. यंत्रवाल्याला घाई होती. सरपंचबाई त्याला म्हणाल्या, "गाडी बंद कर. पहिला घाव ज्याचा आहे, त्याला येऊ दे." तो खाली उतरला, पायांतल्या चपला काढून, लाजरसबाबांसारखा पुढून, नवव्या माणसाच्या जागी क्रूसाला हात लावून आपली चूक सांगू लागला.