वीस आवे

एकदा एका कुंभारवाड्यात येसू नावाची एक सून नांदायला आली, आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली. तिथली अकरा घरे पिढ्यान्‌पिढ्या मातीत घोड्याची लीद मिसळून घागरी घडवत. येसूचे म्हणणे असे, की लिदीऐवजी भाताच्या तुसाची चाळलेली राख मिसळली, तर आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, कमी घागरी तडकतील. सासरची मंडळी हसली. शंभरातल्या पंचवीस घागरी आव्यातच जायच्या, बायका पदराने डोळे पुसायच्या, तरी हसली. माणसाला नुकसानीचीही सवय होते, आणि सवय मोडणाऱ्याचा त्याला राग येतो.

वाड्यातले सर्वांत वृद्ध कुंभार मात्र हसले नाहीत. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी येसूला शिष्या मानले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "करून बघ, पोरी. सिद्ध झालं तर अकराही घरं तुझी माती घेतील. नाही झालं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

येसू दर आठवड्याला एकाच आव्यात तीस जुन्या मातीच्या आणि तीस आपल्या मातीच्या घागरी सरमिसळ रचू लागली. तिसऱ्या आव्यापर्यंत तिची माती बरीच पुढे होती. पाचव्याला दोन्ही बरोबरीत आल्या. सातव्याला येसूची माती पुन्हा पुढे गेली. तेव्हा घागरी नेणारा तेलाचा व्यापारी तिथेच उभा होता. तो म्हणाला, "येसूबाई, आजच थांबा! आज पारडं तुमच्या बाजूला आहे. उद्याच बाजारात दवंडी पिटवतो."

येसू धावत आबांकडे गेली. "आबा, सिद्ध झालं!"

आबा आत गेले आणि वाळलेल्या कच्च्या पणत्यांच्या दोन पाट्या घेऊन आले. एकीला लाल दोरा होता, दुसरीला काळा. "यातल्या कोणत्या पणत्या टिकाऊ, ते आधी सांग. रोज दोन्हींतल्या दहा-दहा भाज. तुझी खात्री पटली की थांब."

घागरींच्या निकालात पणत्या कुठून उपटल्या, म्हणून येसू मनातून चडफडली. पण गुरूची आज्ञा! सहाव्या दिवसापर्यंत काळ्या दोऱ्याच्या पाटीतल्या एकोणीस पणत्या तडकलेल्या होत्या आणि लालमधल्या अवघ्या नऊ. तिने ठासून सांगितले, "लाल!"

"दोन्ही पाट्या मी एकाच ढिगातून भरल्यात," आबा शांतपणे म्हणाले.

"शक्यच नाही!"

"मग उरलेल्याही भाज."

येसूने पणत्या संपेपर्यंत भाजल्या. विसाव्या दिवशी एकूण काळ्या तडकल्या होत्या अठ्ठेचाळीस आणि लाल सेहेचाळीस. ती आव्याच्या कडेला बसली. आपण किती ठासून बोललो होतो, हे आठवून तिचे कान तापले.

आबा तिच्या शेजारी बसले. "चूक तुझ्या मोजण्यात नव्हती, थांबण्यात होती. योगायोग वर-खाली होतच राहतो. कधी थांबायचं ते आपण ठरवलेलं नसलं, की मन हवा तो दिवस येईपर्यंत वाट बघतं आणि तो आला की म्हणतं, बघा, सत्य सापडलं! अशी वाट बघणाऱ्याला एकाच ढिगातही श्रेष्ठ-कनिष्ठ सापडतं. भाजलं की आवा उघडावाच लागतो, तेव्हा बघ खुशाल. पण बघणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. निकालाचा दिवस आधी ठरवावा आणि मग तो कुणासाठी हलवू नये. स्वतःसाठी तर मुळीच नाही."

पावसाळा सरल्यावर येसूने अकरा घरांना बोलावले. "जुने आकडे सोडून दिले. आता नवे वीस आवे, तशाच तीस-तीस घागरींचे. शंभरामागे निदान पाच घागरी जास्त वाचल्या, तरच माझी माती खरी. विसाव्याआधी मी जिंकले म्हणणार नाही आणि हरलेही म्हणणार नाही."

चौथ्या आव्याला तिची माती मागे पडली. सासू म्हणाली, "पुरे कर गं आता, शोभा झाली तेवढी बास." नवव्याला ती इतकी पुढे गेली, की व्यापारी दवंडीवाल्यालाच सोबत घेऊन आला. दोघांनाही तिचे उत्तर एकच होते, "वीस म्हणजे वीस."

विसावा आवा गुढीपाडव्याला उघडला. अकराही घरे जमली होती. एकेक घागर बोटाने वाजवून बाजूला ठेवली गेली. वीसही आव्यांत मिळून सहाशे-सहाशेंपैकी जुन्या मातीच्या एकशे एक्कावन्न तडकल्या होत्या आणि येसूच्या ब्याण्णव. शंभरामागे जवळजवळ दहा घागरी वाचल्या होत्या! मग कुणीतरी हलगीवर थाप मारली, आणि सासूने भर गर्दीत सुनेला मिठी मारली. येसू रडत होती आणि हसतही होती.

"मी तर सातव्या आव्यालाच सांगितलं होतं," व्यापारी फुशारकीने म्हणाला.

"शेठजी, तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं," डोळे पुसत येसू म्हणाली. "आणि मलाही नव्हतं."

गर्दीतून वाट काढत आबा पुढे आले. त्यांच्या डोक्यावर मातीची पाटी होती. ती त्यांनी आपल्या शिष्येपुढे उतरवली आणि विचारले, "यात राख किती घालायची, तेवढं शिकव आता."