टिटवीचं पाऊल

फार फार पूर्वी, माणसाला कुलूप सुचायच्याही आधी, रानातल्या जनावरांनी एका कपारीत मोहाची फुलं साठवली आणि टिटवीला राखणीला बसवलं. कुणी वाट्याबाहेर फुलं नेली, तर तिनं ओरडून सांगायचं. पण तिनं स्वतः आत पाऊल टाकायचं नाही, आणि हा नियम मुखियालाही मोडता येणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

टिटवी रुसली. "राखण माझी आणि संशयही माझ्यावरच?"

मुखिया होता साळिंदर. तो लाडानं म्हणाला, "ये गं आत, दोन फुलं खा. मी असताना कोण बोलतंय?" टिटवीच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ती जागची हलली नाही.

एका सकाळी टिटवीनं रान डोक्यावर घेतलं, "मुखियानं निम्मा ढीग संपवला हो!"

"हिनंच खाल्ली!" साळिंदर काटे फुलवून ओरडला.

सगळे कपारीकडे धावले. आतल्या ओल्या मातीत सशाची, हरणाची, साळिंदराची, सगळ्यांची पावलं होती. टिटवीचं एकही नव्हतं. साळिंदराचे काटे आपोआप खाली बसले.

ससा खूश होऊन म्हणाला, "टिटवीताई, आता तरी आत ये, पोटभर खा!"

टिटवी चटकन मागं सरली. "इथं बाहेर आणून दे बाबा. माझं पाऊल आत उमटलं, तर उद्या माझ्या ओरडण्याला कोण विचारतंय?"