सुपाचा वारा

केशवगिरी महाराज माळेवाडीला ओढ्याकाठच्या पडवीत उतरले होते. एक घोंगडी, एक लोटा, एक सूप, एवढाच त्यांचा संसार.

दाजीसाहेब इनामदारांचा संसार याच्या बरोबर उलटा. शिसवी पलंग, झुंबरं, चांदीची ताटं! नोकर चोरतील म्हणून नोकर नाहीत. त्यामुळे हे सारं घासणं-पुसणं त्यांच्या पत्नी उमाबाईंकडे. बाईंचा जन्म चिंच आणि राखेत चालला होता. महाराजांचं दर्शन महिनाभर खोळंबलं होतं आणि आज तर महाराज गाव सोडणार होते.

"घोंगडीवर झोपणारा कसला महाराज?" दाजीसाहेब हसले.

"झोपतात तरी," उमाबाई म्हणाल्या. "तुम्ही पलंगावर रात्रभर टक्क जागे." आणि चिंच तशीच टाकून निघाल्या.

घर रिकामं झालेलं पाहून दाजीसाहेबांनी अंगणात जमिनीखाली खोल खणलेलं धान्याचं जुनं पेव उघडलं. दाणा संपून वर्षं लोटली होती. आता आत चांदी पुरलेली. आत कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून पेव उघडलं की दिवसभर वारं खाऊ द्यायचं, दिवा सोडून पाहायचा, मगच माणसानं उतरायचं, हे गावात पोरंही जाणतात. पण उघडं पेव गावाला दिसलं तर? दाजीसाहेब तसेच उतरले.

पडवीत महाराज रिकामं सूप जमिनीकडे जोरजोराने हलवत होते.

"महाराज, सुपात तर काहीच नाही!"

"म्हणून तर हलतंय, माय. घरी पळ. चार माणसं घे, दोर घे."

अरे देवा, इथेही घरचंच काम! उमाबाई चडफडल्या, पण वाटेत चार माणसं आणि दोर घेऊन पळाल्या.

पेवाच्या तळाशी दाजीसाहेब ताटं कवटाळून पडले होते. उमाबाईंनी दिवा सोडला. तो विझला नाही. कुणी वारा घालावा तशी ज्योत फडफडत राहिली! दाजीसाहेबांनी डोळे उघडले.

"अहो, दोर धरा!"

"ताटं..."

"ताटांना श्वास लागत नाही! टाका ती!"

ताटं खणखणत पडली. चौघांनी दोर ओढला. दाजीसाहेब वर आले ते डोक्यावर जोंधळ्याचा ताजा कोंडा घेऊन.

अनवाणी चालत ते पडवीत पोचले. महाराज घामाघूम होऊन अजून सूप हलवत होते.

"आलास? बरं झालं बाबा. हात भरून आला." महाराजांनी सूप खाली ठेवलं.

दाजीसाहेबांनी पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ झाला, डोकं काही उठेना. उमाबाईंनी वाकून पाहिलं. घोंगडीच्या कोपऱ्यावर गाल टेकून इनामदार चक्क घोरत होते.

"उठवू नकोस," महाराज म्हणाले. "उद्या निघू."