खरखरीत रंगाचा कंदील

नकाशावर गावांची नावं लिहायला अजून कुणाला सवड झाली नव्हती, त्या काळी एका नदीकाठी एक नावाडी राहत होता. स्वभावाने भारी संशयी. भोपळा घेताना हलवून बघायचा, मडकं घेताना दहादा वाजवायचा, आणि कुणी हसून रामराम केला तरी मनात म्हणायचा, 'याला आज माझ्याकडून काय हवंय?'

गावच्या धक्क्यापाशी पाण्यात एक काळा खडक होता. त्याच्यावर खांबाला एक जुना लोखंडी कंदील त्याच्या आकड्याने टांगलेला असे. धुक्यात त्या उजेडाच्या आधारानेच होड्या खडक चुकवत. नावाड्याच्या पणजोबांनी लावलेला तो कंदील आता गंजला होता, त्याचे पापुद्रे सुटत होते.

गावात नुकतीच एक रंगारीण राहायला आली होती. जुनं लोखंड साफ करून, रंगवून द्यायची. नावाड्याने कंदील तिच्याकडे नेला.

"काका, गंज खरवडला की लोखंड उघडं होईल. त्या दिवशी या आणि नीट बघून घ्या," ती म्हणाली. "एकदा रंग चढला की आतलं काही दिसत नाही."

'बोलावतेय म्हणजे दाखवायचं तेवढंच दाखवणार,' असं मनात म्हणून नावाडी त्या दिवशी गेलाच नाही. न सांगता गेला, तो थेट रंगाच्या दिवशी.

तांबड्या अस्तरावर तिने काळपट हिरवा रंग दिला होता. रंगात चाळलेली बारीक रेती मिसळली होती आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने ती तो हलके हलके टिपत होती. कंदिलावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठले होते.

"हे असं खरखरीत का गं? गुळगुळीत येत नाही तुला?"

"येतं की! पण गुळगुळीत रंगात जुन्या लोखंडाचा एकेक खड्डा डोळ्यात खुपतो. दाणेदार रंगात ते लपतात."

"लपतात!" नावाड्याने तो शब्द घट्ट धरून ठेवला.

"खड्डे लपतात, काका. तडा असता तर तुम्हाला आधी सांगितलं असतं. आकडा तर ठणठणीत आहे. वाजवून बघा."

आयुष्यभर मडकी वाजवत आलेल्या माणसाने आकडा काही वाजवला नाही. ही वाजवायला सांगतेय, म्हणजे आवाजाचीही काहीतरी सोय केली असणार!

कंदील घरी आला. दुपारी बायको आणि मुलगी झोपल्यावर नावाड्याने कानस काढली आणि आकडा घासायला घेतला. रंग गेला, अस्तर गेलं, खाली स्वच्छ लोखंड लागलं.

'तडा बुजवायला आणखी खोल लुकण भरलं असेल,' असं म्हणत तो घासतच राहिला. आकडा निम्मा झाला, तरी लोखंडच! आता मात्र आपण काय करून बसलो ते त्याला उमगलं. घासलेल्या जागी त्याने घाईघाईने काजळ चोळलं आणि कंदील खांबाला टांगून टाकला.

हिवाळा आला. एका पहाटे नावाडी दाट धुक्यातून होडी परत आणत होता. तीत आदल्या दिवशी बाजाराला गेलेल्या बायका होत्या आणि नावाड्याची मुलगीही होती. वाऱ्याचा एक झोत आला, आकडा तुटला, कंदील खाली पडून विझला आणि होडी खडकावर आदळली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून सगळे वाचले. पण होडी फुटली आणि मुलीच्या कपाळाला मोठी खोक पडली.

सारा गाव धक्क्यावर जमला.

"त्या खरखरीत रंगाखाली सडका आकडा लपवला होता हिने!"

"घालवा हिला गावाबाहेर!"

नावाडी सगळ्यांच्या मागे उभा होता. आज पहिल्यांदाच त्याला कशाचाही संशय नव्हता. त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आधी आकडा बघा," रंगारीण म्हणाली. "मग मला घालवा."

कुणीतरी कंदील पाण्यातून काढला. एका म्हातारीने तुटका आकडा हातात घेतला, तर तिची बोटं काळी झाली. "अगं बाई, हा कसला रंग? हे तर काजळ!"

नावाड्याची बायको मुलीला सोडून पुढे आली. तिने आकड्याला बोट लावून वास घेतला. "एरंडेल घालून मीच पाडलेलं आहे हे! तरीच म्हटलं, माझी डबी कुणी खरवडली..." बोलता बोलता ती थांबली आणि गर्दीत मागे वळून पाहू लागली. "अहो?"

नावाडी पुढे आला. "मीच," तो म्हणाला. "हिने काय लपवलंय ते शोधत होतो. काहीच सापडलं नाही, तेव्हा मीच लपवून बसलो."

रंगारीण हसली नाही. तिने मुलीच्या कपाळाकडे पाहिलं. "मी रंगाआधी बोलावलं होतं, काका," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

लोहाराने नवा आकडा घडवला. या वेळी खरवडलेला कंदील तसाच उघडा धक्क्यावर ठेवला होता. गावातल्या एकेकाने तो वाजवून बघितला. मग रंगारणीने घोसाळ्याची जाळी नावाड्याच्या हातात दिली. तो एका बाजूला रंग टिपत असताना एक वाटसरू थबकला.

"एवढ्या खरखरीत रंगाखाली काय लपवताय हो?"

"खड्डे," नावाडी म्हणाला. "ती दुसरी बाजू अजून उघडी आहे. या, आत्ताच वाजवून बघा."

तात्पर्य, लहानांसाठी आणि त्याहून जास्त मोठ्यांसाठी: शंका आली तर ती उघडपणे आणि वेळेवर विचारा. चोरून घासत बसलेली शंका ठणठणीत लोखंडही तोडते.