कोणता भोंगा मोठा?

"मोठा कोणता, एवढंच तुम्ही सांगायचं. सांगाल ना, बाबा?"

मदारबाबांनी हसून मान डोलावली आणि नदीकाठच्या चिंचेखाली बसल्या बसल्या अर्धवट राहिलेली गोधडी पुन्हा शिवायला घेतली.

भिंगारकरांना हायसं वाटलं. ते वरच्या धरणावरचे अभियंता. दरवाजे उघडण्याआधी वाजणारा जुना भोंगा काढून नवा बसवायचा होता. दोन कंपन्यांचे दोन भोंगे धरणाच्या भिंतीवर चढवून तयार होते, आणि त्यांतला एक निवडून संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा होता. कंपनीच्या पटांगणावर मोजलं तेव्हा पहिला वरचढ निघाला होता, डोंगराआड मोजलं तेव्हा दुसरा.

मग सरपंच म्हणाले होते, "पाणी सुटायचं असलं की नदीकाठचा पहिला माणूस वर येतो तो मदारबाबा. आजवर एकदाही चुकला नाही."

यावरून भिंगारकरांनी ताडलं की या फकिराचे कान सगळ्या पंचक्रोशीत तिखट असणार. शिकलेल्या माणसाला अंदाज बांधायला वेळ लागत नाही.

पण त्यांना हसू नये. गेल्या श्रावणात भोंग्याचं बटण त्यांनीच दाबलं होतं. तरी शेवंता कुंभारीण नदीच्या पात्रात माती काढता काढता वाहून गेली. 'आवाज तेथवर पोचला नसावा,' असं त्यांनी चौकशीत स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. आता असा भोंगा बसवतो की मेलेलासुद्धा उठून पळेल, असं ते बायकोला म्हणाले होते.

त्यांनी आवाज मोजायचं यंत्र हातात धरलं आणि फोनवर सांगितलं, "वाजवा पहिला."

भोंगा वाजला. चिंचेवरचे कावळे एकदम उडाले. यंत्रावर आकडा चढत चढत एक्क्याण्णवला थांबला.

"कसा वाटला, बाबा?"

बाबांनी दाताने दोरा तोडला.

"बाबा... कसा वाटला?"

बाबा सुईत नवा दोरा ओवत होते.

तेवढ्यात उतारावरून परटाची सगुणा धावत आली. लुगडं खोचलेलं, कोपरापर्यंत साबणाचा फेस. तिने साहेबांकडे पाहिलंही नाही. सरळ येऊन तिने बाबांचा हात धरला. बाबा गोधडी बाजूला ठेवून उठले.

"अहो बाई, आज नुसती चाचणी आहे. सकाळी दवंडी दिली होती."

"ऐकली की."

"मग धावत कशाला आलात?"

"बाबास्नी कुठं ऐकू येती दवंडी?"

भिंगारकर तिच्याकडे वळले.

"म्हणजे... भोंगा?"

"काईच न्हाई. ल्हानपणीच कान गेलेत. तोंडाकडं बघून समजून घेत्यात. तुमी त्या यंत्राकडं बघत बोलला असशीला."

भिंगारकर बाबांच्या समोर आले. "मग मघाशी मान का डोलावलीत?"

"पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं?" बाबा म्हणाले.

फोन वाजला. "साहेब, दुसरा वाजवू का?"

"थांब जरा."

भिंगारकर मातीतच खाली बसले. मग सगुणेला म्हणाले, "गेल्या वर्षीही तूच आली होतीस?"

"मीच. भोंगा झाला की मीच येते."

"तेव्हा शेवंताबाई..."

सगुणेने बाबांचा हात सोडला.

"दिसली मला. बाबास्नी धरून वर चढत हुते. ती खाली पाठमोरी माती काढत हुती. तिचे कान लई तयार, साहेब. मडक्याला नुसती टिचकी मारून तडा सांगायची. म्हटलं, आपल्या आधी ऐकलं असंल तिनं. येईलच..."

हातांवरचा फेस वाळून गेला तरी ती तशीच उभी होती.

"ऐकलंच असणार, असंच मीही धरून चाललो," भिंगारकर म्हणाले. "मलाही ती दिसली होती. भिंतीवरून. लाल लुगडं... पाणी सोडायला अर्धा तास होता. खाली जीप उभी होती. म्हटलं, भोंगा दिलाय, निघेल आता. आणि आत जाऊन नोंदवही भरली."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

बाबा दोघांच्या ओठांकडे बघत होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी एक हात सगुणेच्या पाठीवर ठेवला, दुसरा भिंगारकरांच्या डोक्यावर.

फोन पुन्हा वाजला. भिंगारकरांनी तो घेतला नाही. यंत्र बंद करून त्यांनी खिशात टाकलं, आणि या खेपेला बाबांच्या अगदी समोर तोंड करून, एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं,

"बाबा, अहवाल तर द्यायलाच हवा. कोणता भोंगा बसवू?"

बाबा म्हणाले, "कुठलाबी बसव, लेका. फक्त तो सगळ्यांना ऐकू जातो, असं गावात कुणाला सांगू नको."