तर्रीचा मान

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात गेनू नावाचा राखणदार होता. उन्हाळ्यात डोंगरावरचे वाळलेले गवत पेटे. वणवा दिसला की गेनूने कड्यावरून हाक द्यायची आणि रानातल्या माणसांनी नदीकडे पळायचे, अशी तिथली रीत होती. त्याची हाक नदीपार ऐकू जाई. म्हणून गावजेवणात रश्शावरची लाल तर्री सर्वांआधी त्याच्या वाटीत पडे. तो त्याचा मान होता.

पुढे गेनूची छाती जळू लागली. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई. आवाज बसू लागला. वैद्यबुवांनी बजावले, तिखट-तेलकट सोड, मऊ भात, मुगाचे वरण आणि दुधी खा, तड लागेपर्यंत जेवू नकोस, जेवल्यावर लगेच झोपू नकोस. गेनूने ते कोणाला सांगितले नाही. मऊ भात खाणाऱ्याला राखणदार कोण ठेवील, ही भीती त्याला खात होती. बायको कोंडाबाई मात्र ओळखून होती. ती म्हणाली, "मान वाटीत पडतो, पण गळा तुमचा जळतो."

जत्रेच्या पंगतीत गेनूने वाटी जराशी मागे घेतली. वाढपी म्हणाला, "काय गेनूभाऊ, सासुरवाडीला आल्यासारखे लाजता?" पंगत हसली. गेनूने वाटी पुढे केली. रिकामी झाल्यावर पुन्हा केली. मग कड्यावर जाऊन तो सावलीत आडवा झाला.

छातीतल्या जळजळीने त्याला जाग आली, तेव्हा खाली धूर दिसत होता. वारा रानाकडे वाहत होता आणि रानात कोंडाबाई शेळ्या चारत होती. गेनूने तोंडाशी हात धरून हाक दिली. घशातून नुसती खरखर निघाली. पुन्हा दिली. पुन्हा खरखरच. कोंडाबाई पाठमोरी होती आणि जाळ तिच्याकडे सरकत होता.

गेनू कडा उतरून धावला. काट्यांनी पाय फाटले. जाळाच्या कडेने जाऊन त्याने तिचा हात धरला आणि तिला ओढत नदीत नेले. शेळ्याही मागोमाग आल्या, पण एक काळी शेळी मागेच राहिली. तिचे ओरडणे दोघांनी पाण्यात उभे राहून ऐकले. मग तेही थांबले.

पुढच्या गावजेवणात वाढपी तर्री घेऊन आला. गेनूने वाटीवर हात धरला. तो म्हणाला, "मला सोसत नाही."

कोणी हसले नाही. कोंडाबाईने घरून आणलेला मऊ भात त्याच्या पानात वाढला.

तात्पर्य: चार लोक हसतील या भीतीने पथ्य मोडू नये. हसू पंगतीबरोबर उठून जाते, पण मोडलेले पथ्य ऐन संकटात आडवे येते.