अर्धा आशीर्वाद

एका राज्यात दुंदुभी नावाचा राजा होता, आणि त्याला दम म्हणून नव्हता. जेवताना उभा, न्याय देताना चालता. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की हात वर करून म्हणायचा, "कळलं. पुरे." कळलेलं काहीच नसे. पण राजाला तसं सांगणार कोण?

त्या राज्याची एक रीत होती. वर्षातून एकदा डोंगरावरचा मांत्रिक जळोबा खाली येई आणि राजघराण्याला आशीर्वाद देई. राजानं ओंजळ धरायची, मांत्रिकानं शब्दाशब्दाला तांदळाचा एकेक दाणा टाकायचा, आणि शेवटचा दाणा पडेतो ओंजळ हलवायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणी हलवली नव्हती.

त्या वर्षीचा आशीर्वाद राजकन्या इंदुलेसाठी होता. आठ वर्षांची पोर, राजाची एकुलती. जळोबानं आधी स्थैर्याचे शब्द म्हटले. दाणे पडले. पुढचे शब्द गतीचे होते. तेवढ्यात बाहेर शिकारीचा नगारा वाजला. राजानं ओंजळ मिटली.

"कळलं. पुरे."

झालं वाटोळं. उरलेले दाणे जमिनीवर पडले आणि दिसेनासे झाले. सगळं स्थैर्य पोरीला लागलं. उभी होती तिथंच तिची पावलं दगडाची झाली. सगळी गती शिरली राजाच्या पायांत. तो थांबला की तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पोळत.

"महाराज, हा दगड रोज वीतभर चढेल," जळोबा म्हणाला. "सहाव्या दिवशी डोक्यावरून जाईल."

"उपाय बोल!" राजा त्याच्याभोवती गरगर फिरत ओरडला.

"तीन गोष्टी शिकून या. पण शिकवायला बसलेल्याकडून नाही. आपण काही शिकवतोय हे ज्याच्या गावीही नाही, त्याच्याकडून."

"असे कुठं भेटतील?"

"ते मला ठाऊक असतं तर मी डोंगरावर एकटा कशाला राहिलो असतो? निघा."

राजा निघाला. पालखी कसली, बसता येत नव्हतं ना! अनवाणी पळत सुटला. आणि पहिल्या दोन दिवसांत गेला कुठं, तर पंडितांच्या गावी. बोट वर करकरून त्यांनी त्याला ढीगभर शिकवलं. शिकवायला बसलेले ते, उपयोग शून्य. एवढं शेंबड्या पोराला कळलं असतं. पण हा राजा पडला.

तिसऱ्या दिवशी माळावर बिरू धनगर मेंढरं घेऊन चाललेला दिसला. राजाला बरं वाटलं, चालणारा माणूस भेटला. पण कळप अगदी सावकाश. राजा पुढं जाई, वळून मागं येई, कळपाला फेऱ्या घाली. मेंढरं बुजली.

"ए बाबा, कुत्रं लागलंय का तुझ्या मागं?" बिरू खेकसला. "एका अंगानं चाल की."

"मी राजा आहे."

"असशील. मेंढरं बुजवू नगंस."

"मग हाक की त्यांना! एवढं हळू कशाला?"

"ती मागली लंगडी दिसती का? तिच्या चालीनं समदी चालत्यात. फुडलीच्या चालीनं गेलो तर लंगडी लांडग्याला."

बिरू वैतागला होता, शिकवत नव्हता. राजा लंगडीच्या मागून चालू लागला. पाय पुढं ओढत होते, घाम निथळत होता, तरी तो तिला ओलांडून गेला नाही. मैलभर गेल्यावर त्याला आठवलं, की इंदुला आपल्याबरोबर कधी चाललेलीच नाही. ती नेहमी मागून धावत असते.

चौथ्या दिवशी ऐन दुपारी तो उघड्या खडकाळ रानातून जात होता.

"आंधळ्या! पाय उचल!"

टिटवी होती. त्या राज्यात टिटव्या बोलत. त्यात नवल नव्हतं, भांडत मात्र फार. तिच्या पायांशी खड्यांसारखी चार अंडी होती. राजानं उडी मारून ती ओलांडली आणि तिच्याभोवती घिरट्या घालू लागला.

"ही काय जागा झाली? झाडाखाली पळ ना."

"अंडी पळतात का? शहाणाच आहेस."

"मग तू काय करतेस इथं?"

"उभी आहे. माझी सावली पडते त्यांच्यावर."

"नुसती उभी?"

"नुसती?" टिटवी चवताळली. "उभा राहून बघ एकदा! ये इकडं. मी डबक्यात पोट भिजवून येते. हललास तर डोळे फोडीन."

ती उडाली. अंडी उन्हात पडली. राजा आला आणि उभा राहिला. तळवे पोळले, डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यानं ओठ चावले, पण सावली हलू दिली नाही. टिटवी आली, ओलं पोट अंड्यांवर टेकून बसली, आणि आभार न मानता म्हणाली, "चल, नीघ आता."

पाचव्या दिवशी राजा महालात परतला. दगड पोरीच्या हनुवटीला लागला होता. जळोबा भिंतीशी बसला होता.

"तिसरं?"

"मिळालं नाही," राजा म्हणाला.

"आबा," इंदुला हळूच म्हणाली, "एक सांगायचं होतं."

राजाचा हात सवयीनं वर गेला. तो त्यानं खाली ओढला. तिच्यासमोर आला आणि थांबला. तळव्यांना आग लागली.

"सांग, बाळ."

"मला घोड्यांची भीती वाटते."

राजानं पाय जागचा हलवला नाही.

"तुम्ही पहिला घोडा आणलात तेव्हाच सांगणार होते. मी म्हटलं, आबा, हा घोडा... तुम्ही म्हणालात, कळलं, दुसरा आणू. दुसरा आणलात. मी म्हटलं, आबा, हाही... आता अकरा झालेत. मी महालामागच्या पागेवरून जातच नाही."

अकरा घोडे! 'मग हत्ती आणू' हे राजाच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. पोर थांबली. तो थांबून राहिला. दगड खालच्या ओठाशी आला होता.

"झालं, बाळ?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग बोल."

ती बोलली. घोड्यांचं झालं, मग तिच्या दाईच्या घोरण्याचं, मग कारल्याच्या भाजीचं, मग तिला नदीपर्यंत पायी जायचं होतं त्याचं. बोलता बोलता ती रागावली, आणि रागावून तिनं पाय आपटला. दगडाचा टवका उडाला. कुणी तिकडं पाहिलं नाही. मग गुडघा सुटला, मग कंबर.

"तिसरं मिळालं," जळोबा पुटपुटला आणि काठी उचलून डोंगराच्या वाटेला लागला. त्यालाही कुणी 'या' म्हटलं नाही.

शाप उतरला, राज्याची घडी बसली, घोडे डाकवाल्यांना दिले. पण ते सगळं मागाहून. त्या घटकेला राजाच्या तळव्यांची आग विझली होती, बाजूला सिंहासन होतं, बसायला काही हरकत नव्हती. त्याच्या ध्यानातच आलं नाही. पोर बोलत होती आणि तो उभा होता.

तिचं अजून बाकी असेल. माझं संपलं.